बोटाचा ऑक्सिजन ९८ आहे, मग फ्लॅप का बघता?

तोंडाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन होऊन पेशंट आमच्या वॉर्डात येतो, तेव्हा पहिल्या रात्री सोबतचं माणूस हमखास म्हणतं, "सिस्टर, तांकां इल्लें न्हिदपाक दियात." बांदा-दोडामार्गाकडचे मालवणीत म्हणतात, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले मराठीत. म्हणणं सगळ्यांचं एकच. दिवसभर ऑपरेशन टेबलावर होता बिचारा, आता जरा झोपू दे, तासातासाला तोंडात टॉर्च घालू नको. मग कुणीतरी मॉनिटरकडे बोट दाखवतं. ऑक्सिजन ९८ आहे, सगळं ठीक आहे, मग काय बघता एवढं?

या प्रश्नाचं उत्तर बेडजवळ उभ्याउभ्या दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या पेशंटांची नर्स आहे. रात्रपाळी मला जास्त आवडते, कारण रात्री फ्लॅपकडे शांतपणे बघता येतं.

आधी फ्लॅप म्हणजे काय ते सांगते. जबड्याचा किंवा गालाचा रोगी भाग काढला की तिथे मोठी पोकळी उरते. ती भरायला शरीराच्या दुसऱ्या भागातून कातडी, चरबी, कधी हाडसुद्धा आणतात. जिभेसाठी बहुधा मनगटाच्या वरची पातळ कातडी, गालासाठी मांडीची, जबड्यासाठी पायातलं फिब्युला हे हाड. नुसती कातडी कापून चिकटवली तर एवढा जाड तुकडा जगणार नाही. त्याला रक्त लागतं. म्हणून तो त्याची स्वतःची रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर यांच्यासकट उचलतात आणि त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. या वाहिन्यांचा व्यास दोन-तीन मिलिमीटर, कधी त्याहून कमी. टाके मायक्रोस्कोपखाली घालतात. ९-० नंबरचा धागा केसापेक्षा बारीक असतो, हातात धरला तर दिसतही नाही नीट. १९७३ साली मेलबर्नमध्ये इयान टेलर आणि रॉलिन डॅनियल यांनी जांघेतली कातडी अशीच वाहिन्या जोडून घोट्याजवळ बसवली, आणि तिथून या शस्त्रक्रियेचा खरा प्रसार झाला. फिब्युलाने जबडा बांधण्याचं काम डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलं.

आता बोटाच्या क्लिपबद्दल. कोविडनंतर गावागावात लोकांना ऑक्सिमीटर कळला. ९४ च्या खाली गेला की हॉस्पिटल गाठायचं, हे माझ्या आईलासुद्धा पाठ आहे. जपानमधले ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली ज्या तत्त्वावर तो बांधला, ते तत्त्व नाडीच्या ठोक्यावर उभं आहे. ठोक्याबरोबर जे रक्त बोटात येतं, म्हणजे धमनीतलं, त्याच्यात ऑक्सिजन किती भरलेला आहे हे तो सांगतो. फुप्फुसं काम करतायत का, याचं ते उत्तर आहे. ते रक्त मानेतल्या त्या टाक्यांमधून पुढे फ्लॅपमध्ये पोचलं का, पोचलेलं परत बाहेर पडलं का, हे बोटाला कळायचा मार्गच नाही. पूर्ण मेलेला फ्लॅप तोंडात असताना बोटावर ९८ दिसू शकतो.

आणि पेशंटला विचारूनही उपयोग नाही. ही गोष्ट नातेवाइकांना सगळ्यात कमी माहीत असते. फ्लॅप उचलताना त्याच्या नसा बहुतेक वेळा कापल्या जातात. तो बधिर असतो. हृदयाला रक्त कमी पडलं की छातीत दुखतं, पायाला कमी पडलं की पोटरीत गोळे येतात. फ्लॅपचं रक्त बंद पडलं तर पेशंटला काहीही जाणवत नाही. तो शांत झोपलेला असेल, बीपी उत्तम, ताप नाही, ऑक्सिजन ९८. म्हणून कुणीतरी जाऊन बघावं लागतं.

बघायचं काय? रंग, ऊब, भरदारपणा आणि रिफिल. बोटाने हलकं दाबायचं, जागा पांढरी पडते, बोट काढलं की रंग किती वेळात परततो ते मोजायचं. दोन-तीन सेकंद ठीक. फ्लॅप फिकट, गार, पिचकलेला आणि रंग परतायला फार वेळ लागत असेल तर धमनीकडे शंका. उलट जांभळट, टरटरून फुगलेला आणि दाबल्यावर रंग झटकन, सेकंदाच्या आत परतत असेल तर शिरेकडे शंका. नव्या मुली इथे चुकतात, कारण झटकन परतणारा रंग त्यांना चांगलं लक्षण वाटतो. रक्त जोरात आहे असं वाटतं. खरं तर ते आत कोंडलेलं असतं. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, ज्यांच्या घरी आहे त्यांना मी सांगते, पाटाचं पाणी येतंय म्हणून खूश होऊ नका, बाहेर जायची चर बुजली की पोफळीची मुळं कुजतात. फ्लॅपमध्ये शिरेचा अडथळा धमनीच्या अडथळ्यापेक्षा जास्त वेळा होतो, म्हणून आत येणाऱ्याइतकीच काळजी बाहेर जाणाऱ्याची.

शंका आली तर प्रिक. बारीक सुईने टोचायचं आणि रक्ताचा रंग बघायचा. क्षणभराने लालभडक थेंब आला तर बरं. गडद रक्त भसकन आलं तर शीर तुंबली. काहीच आलं नाही तर धमनी. प्रिक रेसिडेंटनेच, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरनेच, करायचा असा आमचा नियम आहे, कारण उगाच टोचून टोचून फ्लॅपवर काळेनिळे डाग पडले तर पुढच्या माणसाला रंग कळत नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते म्हणजे तोंडाच्या आतल्या फ्लॅपकडे मध्यरात्री बघणं. पेशंटला ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून बसवलेली श्वासाची नळी, असते, बोलता येत नाही, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, लाळ आणि रक्त साचलेलं असतं. आधी सक्शन करायचं, पण सक्शनचं टोक फ्लॅपला लागू द्यायचं नाही. मग जीभ बाजूला धरून टॉर्च. मांडीची किंवा मनगटाची कातडी गालात बसवलेली असते, ती आजूबाजूच्या गुलाबी आवरणाच्या मानाने फिकटच दिसणार. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर जांभळेपणा उशिरा कळतो, पहिल्यांदा तो कडेला, टाक्यांच्या ओळीजवळ दिसतो. म्हणून मी कडा आधी बघते. टॉर्च एकच वापरायची, पांढऱ्या उजेडाची. पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट यांच्यात तोच फ्लॅप दोन रंगांचा दिसतो. पावसाळ्यात वीज जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतची ती दोन मिनिटं असतात, त्यातही टॉर्च हातात असली तर निरीक्षण चुकत नाही.

मग हँड डॉपलर. पेनासारखं टोक, साधारण ८ मेगाहर्ट्झचा ध्वनी. वाहणाऱ्या रक्तावरून आवाज परत येतो आणि यंत्रातून ऐकू येतो. धमनी ठोक्याठोक्याने वाजते, शीर सलग घोंघावते. सर्जन ऑपरेशन संपवताना फ्लॅपवर नेमक्या जागी एक निळा टाका घालून ठेवतात. त्याच टाक्यावर टोक धरायचं. मानेत दोन बोटं इकडेतिकडे सरकलं तर गळ्याची मोठी धमनी ऐकू येते आणि आपण समाधानाने "सिग्नल प्रेझेंट" असं लिहून मोकळे होतो. आणखी एक. शीर बंद पडल्यावरही धमनीचा आवाज काही काळ, कधी कित्येक तास, येत राहतो. त्यामुळे रंग बिघडला असेल तर डॉपलर वाजतोय म्हणून थांबायचं नाही.

एवढी घाई कशासाठी, तर फ्लॅपला रक्ताविना जगायला वेळ फार थोडा असतो. स्नायू सगळ्यात कमी सोसतो, कातडी आणि चरबी जरा जास्त. काही तास उलटले की आतल्या केशवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी भरतात, आणि मग वरची मोठी वाहिनी पुन्हा उघडून दिली तरी आत रक्त शिरत नाही. अनुभवी ठिकाणी शंभरातले पंचाण्णवहून जास्त फ्लॅप जगतात. बिघडणारे बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत बिघडतात. म्हणून पहिले २४ तास तासाला एकदा, नंतर हळूहळू अंतर वाढवायचं. नेमकं वेळापत्रक युनिटप्रमाणे वेगळं असतं.

साखळी गावाकडच्या एका काकांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खाणीवर ट्रक चालवलेला माणूस, आयुष्यभर तंबाखू. डाव्या जबड्याचं हाड काढून फिब्युला बसवला होता. संध्याकाळच्या सिस्टरने मला आठ वाजता हँडओव्हर दिला तो बेडजवळ, दोघींनी एकाच टॉर्चने एकत्र बघून. फ्लॅप तेव्हा फिकट गुलाबी, मऊ, रिफिल दोन सेकंदांहून थोडा जास्त. मध्यरात्रीपर्यंत तसाच. बाहेर जुलैचा पाऊस, पत्र्यावर एवढा आवाज की डॉपलर कानाजवळ धरून ऐकावा लागत होता. एकच्या फेरीला मला खालची कडा किंचित वेगळी वाटली. जांभळी म्हणण्यासारखी नव्हती. पण रिफिल झटकन झाला. फ्लॅप बोटाला आधीपेक्षा घट्ट लागला. मानेतल्या ड्रेनमध्ये, म्हणजे साचणारं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीत, तासाभरात काही आलेलंच नव्हतं आणि मान डाव्या बाजूला भरल्यासारखी दिसत होती. डॉपलर मात्र व्यवस्थित ठोके देत होता.

मी रेसिडेंटला उठवलं. तो आला, प्रिक केला, काळपट रक्त लगेच ओघळलं. त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही, सरळ सरांना फोन लावला. सर मडगावहून झुआरी पूल ओलांडून त्या पावसात आले, तोवर आम्ही ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, तयार ठेवली होती, रक्त मागवलं होतं, काकूंची सही घेतली होती. मान उघडल्यावर आत साचलेल्या रक्ताचा गोळा निघाला. तो शिरेवर दाबून बसला होता, शिरेत गुठळी होती. गुठळी काढली, शीर नव्याने जोडली. पहाटे काका परत आले तेव्हा फ्लॅप पुन्हा मऊ होता. तो जगला. काका पुढे रेडिएशनला गेले, आणि नंतर ओपीडीत भेटले तेव्हा मऊ भात खात होते.

इथे माझा मुद्दा आहे, आणि तो मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. मला एक वाजता जे कळलं ते माझी नजर तीक्ष्ण म्हणून नाही. आठ वाजताचा फ्लॅप मी संध्याकाळच्या सिस्टरबरोबर पाहिला होता आणि मधली प्रत्येक फेरी मीच केली होती. एकच्या फ्लॅपचा नुसता फोटो कुणालाही दाखवला असता तर "ठीक दिसतोय" असंच उत्तर आलं असतं. फ्लॅपचं निरीक्षण म्हणजे आधीच्या तासाशी तुलना. ड्युटी बदलताना ही तुलना तुटते. नर्सिंग स्टेशनवर बसून "बेड सहा, फ्लॅप हेल्दी" असं सांगून हँडओव्हर दिला की पुढच्या बाईसाठी पहिलं निरीक्षण कोऱ्या पाटीवर होतं. बघावं तेव्हा फ्लॅप तिला "असाच असेल" असा वाटतो. बेडजवळ, दोघींनी, एकाच उजेडात बघायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं कुणालाही सोडू देत नाही, तिची घरी जायची बस चुकणार असली तरी. चार्टवर "हेल्दी" हा शब्दही मी लिहू देत नाही. सेकंद लिहा, रंग लिहा, कुठली कडा ते लिहा.

यंत्रं हेच काम न थकता करतात, आणि ती आमच्याकडे यावीत असं मला मनापासून वाटतं. नियर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीचा सेन्सर फ्लॅपवर चिकटवतात. डोळ्याला न दिसणारा लालपलीकडचा प्रकाश, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरचा, कातडीतून काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर आत जातो. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून त्या मांसातला ऑक्सिजन टक्क्यांत कळतो. हा प्रकाश शरीरात इतका आत जाऊन परत येतो हे फ्रान्स योबसिस यांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं. याला नाडीची गरज नाही. बोटाच्या ऑक्सिमीटरशी याची गल्लत करायची नाही, कारण हा आकडा धमनी, केशवाहिन्या आणि शिरा सगळ्यांचा मिळून असतो, आणि त्यात शिरेच्या बाजूचं रक्त जास्त. तो ९८ कधीच नसतो. निरोगी फ्लॅपमध्येही कुणाचा साठ, कुणाचा ऐंशीच्या पुढे. त्या एकट्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. तासाभरात २० टक्क्यांची घसरण होऊन ती टिकली, किंवा आकडा ३० च्या खाली गेला, तर सर्जनला बोलवायचं, असा निकष बऱ्याच ठिकाणी पाळतात. म्हणजे यंत्रसुद्धा आधीच्या तासाशीच तुलना करतं. काही यंत्रं एकूण हिमोग्लोबिनही दाखवतात. ऑक्सिजन घसरतोय आणि एकूण हिमोग्लोबिन वाढतंय तर रक्त कोंडतंय, शीर. दोन्ही घसरतायत तर धमनी. कातडीला जांभळेपणा येण्याआधी हा बदल दिसू शकतो, हे त्याचं खरं मोल.

दुसरा प्रकार वाहिनीभोवती बसवायच्या डॉपलरचा. विल्यम स्वार्ट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेला, २० मेगाहर्ट्झचं इवलंसं टोक एका पट्टीने वाहिनीभोवती बसवतात आणि वायर जखमेतून बाहेर काढतात. पूर्ण आत गाडलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या फ्लॅपसाठी तो फार कामाचा. पण टोक जागेवरून हललं तरी आवाज बंद होतो, आणि रक्त व्यवस्थित असताना पेशंट ओटीत जातो.

ही सगळी साधनं महाग आहेत, सेन्सर एका पेशंटनंतर टाकावे लागतात. म्हणून बहुतेक वॉर्डांत अजून टॉर्च, बोट आणि हँड डॉपलर. एक स्वस्त गोष्ट मात्र प्रत्येक वॉर्डात आधीच आहे, ग्लुकोमीटर. शीर तुंबली की फ्लॅपमधल्या पेशी असलेली साखर संपवत जातात आणि ताजी साखर येत नाही. प्रिक करतानाचाच थेंब पट्टीवर घेतला, बोटाच्या थेंबाशी ताडून पाहिला, आणि फ्लॅपची साखर घसरत चाललेली दिसली, तर तो इशारा आहे. आमच्या सरांनी हे सुरू केलं तेव्हापासून शंकेच्या वेळी रेसिडेंटचा फोन लवकर होतो.

मला या कामाचा इतिहास वाचायला आवडतो, आणि त्यात एक पान आपल्या पुण्याचं आहे. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकिकत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. आधी मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचं माप घेतलं, जखमेवर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवल्या. कातडीचा एक पट्टा मात्र भुवयांच्या मधे तसाच जोडलेला ठेवला आणि साधारण पंचविसाव्या दिवशी तो कापला. रक्त त्या पट्ट्यातून येत होतं. नव्या जागेवरून रक्तवाहिन्या उगवेपर्यंत जुनी वाट तोडायची नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव छापलेलं नाही, याची मला हळहळ वाटते. आता आम्ही ती वाट पहिल्याच दिवशी तोडतो आणि मानेत नवी जोडतो, त्याची किंमत म्हणजे या रात्री.

शीर कुठल्याच उपायाने उघडत नसेल तर आजही जळवा लावतात. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. नव्या शिरा तयार होईपर्यंत त्या तुंबलेलं रक्त ओढून काढतात. सोबत अँटिबायोटिक द्यावं लागतं, कारण जळवेच्या पोटात एक विशिष्ट जंतू असतो.

आता सोबत राहणाऱ्यांसाठी. आम्ही एसी बंद करतो आणि पांघरूण घालतो, तेव्हा उकडतंय म्हणून पंखा वाढवू नका. गार पडलं की वाहिन्या आकसतात. पेशंटचं डोकं आम्ही ठेवलं आहे तसंच राहू दे, मान वळली की शीर मुरडते. ट्रॅकिऑस्टॉमीची पट्टी गळ्याभोवती घट्ट बांधायची नसते, आमच्याकडे ट्यूब टाक्यांनी बसवतात, ती सैल वाटली तर स्वतः आवळू नका, मला बोलवा. तंबाखू खाऊन किंवा विडी ओढून पेशंटजवळ बसू नका. गोव्याने गुटखा २००५ मध्येच कायद्याने बंद केला, तरी खिशातून पुड्या निघतात हे मी रोज बघते. आणि पुढची फेरी अर्ध्या तासाने आहे म्हणून थांबू नका. फ्लॅप बाहेरून दिसणारा असेल आणि तुम्हाला त्याचा रंग बदललेला वाटला, मान सुजलेली वाटली, तर लगेच हाक मारा. तुम्ही त्या माणसाशेजारी माझ्यापेक्षा जास्त वेळ बसलेले असता. खोटी शंका निघाली तरी मी रागावणार नाही.

घरी गेल्यावरचं एक सांगायचं राहिलं. फ्लॅप जगला तरी तो बधिरच असतो, महिनोन्‌महिने, कधी कायमचा. नाकातली नळी निघाली की घरची मंडळी प्रेमाने वाफाळती पेज देतात. पेशंटला त्या बाजूला चटका कळत नाही, आणि फ्लॅप भाजतो. पेज कोमट होऊ द्या, आधी चांगल्या बाजूच्या ओठाला चमचा लावून बघा, मग द्या. फ्लॅपवर गरम पाण्याची पिशवी नको, बाम नको. दाढी करताना वस्तरा नको, ट्रिमर वापरा. आणि फ्लॅपच्या कडेला नवी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता ओपीडीत या.